चिंध्यांचं इंजिन

दगडूअण्णा माणसं नावानं ओळखत नसत, मापानं ओळखत. कोरेगावात माझ्या लेथ-वेल्डिंगच्या वर्कशॉपला लागून त्यांचं शिलाईचं दुकान होतं. रस्त्यानं जाणाऱ्याकडे ते चष्म्यावरून बघायचे आणि पुटपुटायचे, "छाती अडतीस, डावा खांदा उतरता." एकदा एक गृहस्थ सात-आठ वर्षांनी दुकानात आले, तर अण्णांनी त्यांचं स्वागत केलं, "या, या! कंबर छत्तीसवरनं चाळीसवर गेली की!" गृहस्थ रागावले, पण शर्ट तिथंच शिवायला टाकून गेले.

हेच अण्णा एके दिवशी गळ्यात टेप घालून माझ्याकडे आले नि म्हणाले, "सदा, इंजिनाचं माप कुठनं धरायचं रं?"

मला वाटलं चेष्टा आहे. चेष्टा नव्हती. त्यांचे थोरले बंधू नामदेवतात्या ट्रक चालवायचे. माझ्या जन्माआधीचा तो ट्रक, लहानसाच, पुढे लांब नाक असलेला, चार सिलेंडरच्या पेट्रोल इंजिनाचा. तात्यांनी तो मेढ्याच्या वरच्या घाटात उभी हयात चालवला. पण घाटातल्या एका वळणावर भरलेली गाडी हटकून मान टाकायची. चाकामागे दगड लावायचा, निम्मा माल उतरवायचा, मागचे लोक हॉर्न वाजवत पुढे निघून जायचे. पुढे इंजिन जाम झालं, तात्यांचे गुडघे गेले आणि ट्रक शेताच्या बांधाला बाभळीखाली उभा राहिला. शेवटी भंगारवाला बघायला आला. तात्या "न्या" एवढंच बोलले आणि त्या दिवसापासून अंगणात बसायचे बंद झाले. आत भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे.

महिन्यानं गाडी न्यायला आलेल्या भंगारवाल्याला अण्णांनी परत पाठवलं आणि भावासमोर जाऊन सांगितलं, "गाडी द्यायची न्हाई. हिच्यात मोठं इंजिन बसवायचं. मी बसवणार."

"तुला पंक्चर तरी काडता येतंय का?" महिन्याभरात तात्या पहिल्यांदा एवढं बोलले.

"न्हाई येत. येतंय ते शिकून काय करू?"

मीही समजावून पाहिलं. "अण्णा, हे शर्टाला खिसा लावण्यासारखं नाही."

"ठाव हाय गड्या. पर खिसा नीट लावाय बी मला वरीस लागलं हुतं."

मग ते सांगलीला जुन्या गाड्यांच्या आवारात जाऊन आले. एका मोडीत काढलेल्या गाडीचं सहा सिलेंडरचं डिझेल इंजिन त्यांना पसंत पडलं. पण ते लगेच आणलं नाही. तीन खेपा नुसती मापं घेतली. आवारातले लोक म्हणे त्यांना विचारायचे, "अण्णा, ह्याला सफारी शिवताय का?" परत आल्यावर अण्णांनी दुकानाला कुलूप लावलं आणि चार दिवसांनी जे बाहेर आणलं ते बघून मी हातातला ग्राइंडर खाली ठेवला. गोणपाटाचं, आत चिंध्या ठासून भरलेलं, खऱ्या मापाचं इंजिन! पुढे पंखा, खाली तेलाची टाकी, बाजूला धुराड्याची नळी, सगळं शिवलेलं. कडा ताठ राहाव्यात म्हणून आत कॉलरचं कॅनव्हास.

अख्खा बाजार बघायला लोटला. "अण्णा, उशी कुणाच्या डोक्याखाली देणार?" कुणीतरी विचारलं.

"हसून घ्या. हसायला माप लागत न्हाई."

ते गोणपाटाचं इंजिन त्यांनी बांधावर नेऊन ट्रकच्या नाकात उतरवलं आणि आमचं हसू हळूहळू थांबलं. पंखा रेडिएटरमध्ये घुसत होता. खालची टाकी पुढच्या आसाला टेकत होती. अण्णांनी खिशातून शिलाईचा खडू काढला आणि लोखंडावर रेघा ओढल्या. "हितनं चार बोटं पुढं. हितं सैल सोड. हितं दाबतंय." मी त्यांच्या रेघांवर कापलं आणि जोडलं. गिअरबॉक्स आणि नवं इंजिन यांच्यामध्ये बसणारी जाड पोलादी चकती मी लेथवर केली. बाकी सगळं अण्णांनी स्वतः केलं. बोल्ट जास्त आवळून आटे घालवले, पान्याखाली बोटं चेचून घेतली, उलटी बसवलेली पट्टी तीनदा सोडली. मी चिडलो की म्हणायचे, "उसवायची लाज धरली तर शिंपी कसला?"

खरं इंजिन आलं तेव्हा बांधावर उभारलेल्या माझ्या चेनकप्पीवरून आम्ही ते खाली सोडलं. बोटभरसुद्धा इकडेतिकडे झालं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग मी साखळी ढिली केली आणि ट्रकचं नाक कुरकुरत खाली गेलं, ते पुढची चाकं मडगार्डला टेकेपर्यंत.

अण्णा खाली मातीत बसले. मला वाटलं, आता हे रडणार. ते हसायला लागले, इतके की चष्मा पडला. "आरं, चिंध्यांना वजनच न्हाई की! माप घेतलं अन् वजन इसरलो!"

मग स्प्रिंगांत जादा पाटे घातले, ब्रेक नव्यानं केले, पेट्रोलची टाकी धुऊन डिझेल भरलं. आणि गाडी सुरू होईना. स्टार्टर फिरे, इंजिन नुसतं खोकायचं. अण्णांनी घाम पुसला, मी डोकं खाजवलं. तेवढ्यात बांधावरून काठीचा आवाज आला. नामदेवतात्या एकटेच चालत आले होते.

"डिझेलची हाय न्हवं?" ते म्हणाले. "नळीतली हवा काडली का?"

"हवा? आवं तात्या, ती कशी काडत्यात?" अण्णांनी विचारलं.

तात्यांनी काठी माझ्या हातात दिली, मडगार्डला रेलले आणि पान्यानं एक नट अर्धा फेरा सैल केला. "मार पंप." अण्णांनी इंजिनाचा हातपंप दाबला तसे बुडबुडे आले, फेस आला, मग स्वच्छ डिझेल. तात्यांनी नट आवळला. "आता स्टार्टर मार." इंजिन गर्जलं तशी बाभळीवरची पाखरं उडाली. दोघे म्हातारे एकमेकांच्या कानात ओरडून बोलत होते, आणि तात्यांच्या बोटांचं काळं अण्णांच्या पांढऱ्या सदऱ्यावर उमटलं होतं.

परवानगीचे कागद झाल्यावर आम्ही विटा भरून मेढ्याच्या वर निघालो. गाडी मी चालवत होतो. ते वळण दिसलं तसे तात्या म्हणाले, "थांब. एवढं वळण मला दे." गुडघ्यांचं काय, असं विचारायची माझी छाती झाली नाही. त्यांनी दात आवळून क्लच दाबला, दुसरा गिअर टाकला, आणि ट्रक ते वळण चढून गेला, सरळ, न कण्हता. वर सपाटीला तात्यांनी गाडी उभी केली. बराच वेळ त्यांनी स्टिअरिंग सोडलं नाही.

"दगडू," ते शेवटी म्हणाले, "हिकडं ये. बस हितं."

"तात्या, मला चालवाय कुठं येतंय?"

"मी हाय न्हवं शिकवाय."

चौसष्टाव्या वर्षी अण्णांनी लायसन काढलं. पुढे लेकीनं त्यांना सांगलीला बोलावून घेतलं आणि तिथंच गेल्या थंडीत ते झोपेत गेले. मी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. पण मला ते आठवतात ते कोरेगाव सोडून निघालेल्या दिवशीचे. ट्रकमध्ये मागे शिलाईचं मशीन बांधलेलं, शेजारी तात्या, स्टिअरिंगवर अण्णा. बाजारातल्या वळणावर गाडी दोनदा बंद पडली. मागे रांग लागली, हॉर्न सुरू झाले. अण्णांनी खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं आणि सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं हसत ओरडले, "दमा की जरा! शिकाऊ हाय मी!"