चार रॅम आणि हलणारं पोतं

बाळांनो, हे तुमची आई तुम्हांला वाचून दाखवेल, कारण मराठी तुम्हांला ऐकून कळते, वाचता येत नाही. परवा फोनवर तुम्ही विचारलंत, की मी, तुमच्या आजीने, पाठवलेल्या पेन ड्राइव्हमध्ये आजोबा सारखी एकच गोष्ट का सुरू करतात आणि मधेच गप्प का होतात. मी "नेट बरोबर नाही, नंतर सांगते" म्हणून फोन ठेवला. नेट बरोबर होतं. आजोबांना जाऊन आता वर्ष होईल. त्यांचं टेबल मी अजून आवरलेलं नाही, आणि आवरण्याआधी हे क्रमाने लिहून ठेवायला हवं.

आजोबा खमरियाच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत तपासणीच्या विभागात होते. तयार माल मोजायचा आणि पास की नापास ते सांगायचं, हे त्यांचं काम. पण माल मोजण्याआधी मोजण्याचं उपकरण तपासायचं. उपकरण पास नसेल तर त्यावर घेतलेलं माप धरायचंच नाही. निवृत्त झाल्यावर हा नियम घरात आला. मला ताप आला तर थर्मामीटर आधी ते स्वतःच्या काखेत लावून बघत. माझा स्वयंपाकघरातला काटा दर दिवाळीआधी कोपऱ्यावरच्या किराणावाल्याच्या वजनांवर तपासून यायचा. मी हसायचे. "हसू नका मॅडम," ते म्हणायचे, "तुमचे अनारसे काहून बिघडले ते आधी काट्याला विचारा." मी शाळेत इंग्रजी शिकवायचे, म्हणून चिडवताना मी मॅडम.

मग त्यांच्या गळ्यात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं: स्वरयंत्र काढावं लागेल, त्यानंतर स्वतःचा आवाज राहणार नाही. ऑपरेशनची तारीख ठरली. रात्रीच्या जेवणाला आजोबा म्हणाले, "पोरांसाठी पोत्याची गोष्ट माझ्या आवाजात भरून ठेवतो. लिहून काय उपयोग, त्यांना वाचता कुठं येते."

ती गोष्ट त्यांच्या वडिलांची. पनागरच्या बाजारातून मटारचं पोतं सायकलला बांधून ते निघाले आणि वाटेत पोतं हलायला लागलं. तुमची आई लहान असताना तिला ही गोष्ट रोज हवी असायची, आणि रोज पोत्यातून वेगळंच काही निघायचं. तुम्हांला यातलं काय सांगायचं, ते त्यांनी मनाशी ठरवलं होतं. मला सांगितलं नाही. "तू रेकॉर्डिंगमधी ऐक," म्हणाले.

आमचा टेबलावरचा कॉम्प्युटर तेव्हा तसा नवाच होता. रॅम म्हणजे कॉम्प्युटर काम करताना ज्यात सगळं धरून ठेवतो त्या लांबट पट्ट्या. त्या मदरबोर्डवरच्या खाचांत बसतात. आधी दोन होत्या, जास्त वेगाच्या. पुढे आजोबांनी त्याच कंपनीच्या, त्याच वेगाच्या आणखी दोन आणून बसवल्या. तोवर तक्रार नव्हती, कारण काम तरी काय, फोटो बघणं आणि बिलं भरणं. आता त्यांनी चांगला माइक आणला, खिडकी लावून घेतली, घसा साफ केला आणि बोलायला लागले. पोतं हललं आणि पडदा निळा झाला. कॉम्प्युटर आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झाला. बंद पडेपर्यंतचं बोलणं तेवढं शिल्लक होतं.

कॉम्प्युटरच्या दुकानदाराला फोन केला. "अंकल जी, लाइट का चक्कर होगा," तो म्हणाला. आमच्याकडे प्रत्येक यंत्राचा पहिला दोष लाइटीवरच जातो, त्यामुळे आम्हांलाही ते पटलं. नवा यूपीएस आला. पोतं हललं आणि पडदा पुन्हा निळा.

मग दुकानदार स्वतः आला. पेन ड्राइव्हवरून त्याने रॅम तपासण्याचा प्रोग्रॅम चालवला. बराच वेळ काही नाही, आणि मशीन तापल्यावर लाल ओळी येऊ लागल्या. "रॅम गडबड कर रही है. दो निकाल दो, स्पीड कम कर दो, चल जाएगा."

"चल जाएगा म्हणजे?" आजोबांनी विचारलं. "कौनसी खराब है, वो बताओ."

"वो तो अंकल, देखना पड़ेगा."

"तो फिर देखेंगे."

आणि ते बघायला बसले. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, ही फॅक्टरीतली शिस्त. एक पट्टी ठेवायची, बाकीच्या काढायच्या, तपासणी लावायची आणि थांबायचं. एका तपासणीत दिवस जायचा, आणि ती चालू असताना त्या कॉम्प्युटरवर दुसरं काही करता येत नसे. पहिली पट्टी पास. दुसरी पास. तिसरी आणि चौथीही पास. मग खाचा तपासल्या, त्याही पास. चारही पट्ट्या एकत्र, पूर्ण वेगावर लावल्या की नापास. आजोबा खुर्चीत मागे टेकून हसले. "एकेकटे सगळे हुशार, मिळून बसवले की गोंधळ. आमचा सेक्शनच आहे हा."

त्यांच्या हसण्यात एक घरघर होती. ती आधी नव्हती.

प्रत्येक तपासणीनंतर ते चारही पट्ट्या परत लावून एकदा गोष्ट सुरू करून बघायचे आणि ती मधेच तुटायची, म्हणून तुमच्याकडे इतक्या सुरुवाती आहेत. मी म्हटलं, "अहो, हे तुकडे जोडून घेऊ. एक इथवर आहे, पुढचं तेवढं बोला."

"जोडलेला माल मी कधी पास केला नाही."

तुमच्या आईने फोनवर रडकुंडीला येऊन सांगितलं, "बाबा, मोबाइलवर बोला ना. मोबाइल काहून नाही चालत तुम्हांला?"

"चालते. पण आवाज पोरांना आयुष्यभर पुरला पाहिजे ना. मशीन ठीक करून राहिलो मी. झालंच आता."

एका दुपारी मी मोबाइल चालू करून त्यांच्यासमोर चहाच्या कपाशेजारी ठेवला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, चहा प्यायला, आणि कप उचलून आत गेले. मी पुन्हा ठेवला नाही. ती तपासणी हेच एक काम त्यांच्या हातात उरलं होतं. बाकी सगळं डॉक्टर ठरवत होते. ते काम काढून घ्यायला माझं मन झालं नाही.

शेवटी त्यांना हवं होतं ते उत्तर मिळालं. दोष कुठल्याच पट्टीत नव्हता. दोन जोड्या वेगवेगळ्या लॉटच्या, म्हणजे वेगवेगळ्या वेळी बनलेल्या, होत्या, आणि चार पट्ट्यांचा भार घेऊन तेवढा वेग त्या मदरबोर्डला झेपत नव्हता. "लॉट मिसळले मी," ते म्हणाले. "नोकरीत असतो तर मेमो मिळाला असता." त्यांनी एक जोडी काढली, बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन वेग उतरवला आणि तपासणी लावली. ती दुसऱ्या सकाळपर्यंत चालली. एकही लाल ओळ आली नाही.

त्या सकाळी त्यांनी अंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि माइकसमोर बसले. ऑपरेशनला अजून दिवस होते. पण दोन दिवसांपासून आवाज बसत चालला होता, आणि त्या सकाळी तोंड उघडलं तेव्हा फक्त हवा आली. त्यांनी गरम पाणी घेतलं, पुन्हा बसले. पुन्हा हवा. तरी त्यांनी गोष्ट शेवटपर्यंत सांगितली. ओठ हलत होते, हात सायकलचं हँडल धरत होते, एकदा ते हसलेही. मी दाराशी उभी होते. मला काही कळलं नाही. कॉम्प्युटर एकदाही बंद पडला नाही.

ऑपरेशननंतर ते पाटीवर लिहून बोलायचे. एकदा मी विचारलं, "पोत्यात काय होतं हो?" त्यांनी तपासणीच्या शेऱ्यासारखं लिहिलं: "मांजर. जिवंत. घरी ठेवून घेतलं." मग माझ्याकडे बघितलं, मान हलवली आणि पुसून टाकलं. हेच खरं होतं, का त्यांना तुम्हांला वेगळंच काही सांगायचं होतं, ते मला माहीत नाही.

काढलेल्या दोन पट्ट्या चहाच्या रिकाम्या डब्यात आहेत. कॉम्प्युटर दोनच पट्ट्यांवर, कमी वेगाने, नीट चालतो. त्या सकाळची फाइल मी तुम्हांला पाठवलेली नाही. तीत पंखा आणि श्वास ऐकू येतो. बाकी सगळ्या सुरुवाती तुमच्याजवळ आहेत. सगळ्यांत लांब जी आहे, तीत पणजोबा वाटेतल्या महाराजपुरापर्यंत येतात, सायकल झाडाला टेकवतात आणि पोत्याच्या गाठीला हात घालतात. तिथवर आजोबांचा आवाज आहे.