उखर्डूनानांची घंटा

आमच्या हायस्कुलात घंटा म्हणजे रुळाचा हातभर तुकडा. तो कडुनिंबाला तारेने टांगलेला असायचा आणि तो वाजवायचे शिपाई उखर्डूनाना. सावद्याच्या अलीकडचं आमचं गाव, केळीच्या बागांनी चारी बाजूंनी वेढलेलं. रुळाचा आवाज बागांच्या पलीकडे जायचा. पाणी धरणाऱ्या बाया त्यावरून म्हणायच्या, "पोरांची सुट्टी झाली, भाकर सोडा."

नानांच्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली. म्हणून ते जन्मल्यावर त्यांच्या आजीने त्यांना क्षणभर उकिरड्यावर ठेवलं आणि उचलून आणलं. नाव पडलं उखर्डू. "उकिरड्यावरून थेट हायस्कुलात आलो," असं ते स्वतःच सांगायचे आणि आमच्याआधी हसायचे.

१९८६ साली आम्ही दहावी 'ब'मध्ये होतो. गणिताला अभिमन सर. त्यांचा तास जेवणाच्या सुट्टीआधी. पोटात कावळे आणि फळ्यावर प्रमेय. एक दिवस हितेंद्र आणि भूषण या दोघांनी ऑफिसबाहेरचं भिंतीवरचं घड्याळ वीस मिनिटं पुढे केलं. खुर्चीवर स्टूल ठेवून चढले, पडता पडता वाचले. वर्गात येऊन आम्हाला खुणेने कळवलं, आज प्रमेय अर्ध्यावर.

आम्ही वह्या मिटून बसलो. घंटा झालीच नाही. झाली ती अगदी रोजच्या वेळेला. हेडसर बाहेर आले, घड्याळाकडे बघितलं, नानांकडे बघितलं आणि घड्याळाला शिव्या घालून आत गेले.

"नानांनी कसं ओळखलं?" हितेंद्रने डोकं खाजवलं.

माझ्या बाकावर कोकिळा बसायची. वर्गात मनगटी घड्याळ असलेली ती एकटीच. तिचे वडील केळीचे व्यापारी होते. ती हळूच म्हणाली, "ओळखलं नाही गं. नाना घड्याळाकडे बघतच नाहीत."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत आम्ही दोघी निंबाखाली गेलो. "नाना, किती वाजले?"

"तास व्हायाचा हाये अजून."

"तसं नाही. वाजले किती?"

नानांनी इकडेतिकडे बघितलं. मग जमिनीकडे बोट दाखवलं. आवारात ओळीने सहा दगड होते. आम्ही रोज त्यांना ठेचकाळायचो. निंबाची सावली पहिल्या दगडावर आली की पहिला तास संपला. दर पंधरवड्याला नाना दगड सरकवायचे, कारण सावली सरकते. शाळा भरायची घंटा भुसावळच्या एसटीवर. आभाळ आलं की मात्र अंदाजपंचे.

"नोकरीला लावलं तवा घड्याळ येतं का, असं मले कोनी इचारलंच नही," नाना म्हणाले. "अन् आता वीस वर्सांनी मी कोनाले इचारू? पोरीओ, हेडसरले सांगू नका. घरी बसवतीन मले."

आम्ही कुणालाच सांगितलं नाही. हितेंद्रलासुद्धा.

पण दिवाळीनंतर हेडसरांनीच घोटाळा केला. इन्स्पेक्शन येणार म्हणून नवं वेळापत्रक लावलं. पस्तीस-पस्तीस मिनिटांचे आठ तास. सहा दगड काय करणार? पहिल्याच दिवशी इतिहासाचा तास एवढा लांबला की मराठ्यांचं राज्य येऊन गेलंसुद्धा. हेडसरांनी सगळ्यांसमोर सुनावलं, "उखर्डू, इन्स्पेक्शनच्या दिवशी एक मिनिट जरी चुकलं, तरी संस्थेला लिहून कळवीन. दुसरा माणूस बघतील."

नाना त्या दिवशी पाण्याचा माठ भरायलाही विसरले.

तोडगा कोकिळेने काढला. आमचं बाक खिडकीशी. खिडकीतून निंब समोर दिसायचा. तास संपायची वेळ झाली की ती कंपासपेटी उचलून खिडकीच्या कठड्यावर ठेवायची. पेटी दिसली की नाना हातोडा हाणायचे. चार दिवसांत शाळा अशी बिनचूक चालायला लागली की हेडसर स्वतःवरच खूश.

आता इतकी सत्ता हातात आल्यावर कोकिळा काय साधू राहणार? गणिताची पेटी पाच मिनिटं आधी ठेवली जाऊ लागली आणि खेळाची पाच मिनिटं उशिरा. अभिमन सरांची सिद्धता रोज शेवटच्या ओळीवर तुटायची. बिचारे स्वतःचं घड्याळ घेऊन दोनदा सावद्याला दुरुस्तीला गेले. घड्याळजीने सांगितलं, "सर, घड्याळ चांगलं आहे. तुम्हीच जरा सावकाश शिकवता."

इन्स्पेक्शनच्या दिवशी साहेब आमच्याच वर्गात आले. धिप्पाड माणूस, आवाज लाऊडस्पीकरसारखा. मागे हेडसर. साहेबांना वारा हवा होता. त्यांनी आम्हा दोघींना पुढच्या बाकावर पाठवलं आणि स्वतः खिडकीशी बसले. कठड्यावर त्यांची फाइल, फाइलवर टोपी. अख्खी खिडकी साहेबांनी भरून गेली.

मी कोकिळेकडे बघितलं. ती मनगटाकडे बघत होती. बारा वाजून तीन. तास बारा-पाचला संपणार. साहेबांच्या खांद्यावरून मला नानांचा फक्त फेटा दिसत होता, कधी डावीकडे, कधी उजवीकडे. नाना पेटी शोधत होते.

"कोकिळे, काहीतरी कर," मी कुजबुजले. "नानांची नोकरी जाईल."

"थांब गं."

बारा वाजून चार. अभिमन सर फळ्यावर त्रिकोण काढत होते. एकदम कोकिळा उभी राहिली. हेडसरांच्या कपाळाला आठ्या.

"साहेब, माझं घड्याळ मागे पडतं. बरोबर किती वाजले, सांगता का?"

साहेबांनी मनगट वर केलं आणि गरजले, "बारा वाजून पाच मिनिटं!"

"म्हणजे तास संपला, साहेब!" कोकिळा त्यांच्यापेक्षाही मोठ्याने ओरडली.

साहेबांचं तोंड मिटायच्या आत रूळ वाजला. ठण्ण!

"वा!" साहेब उठून उभेच राहिले. "हेडसर, हा शिपाई म्हणजे सेकंदाचा पक्का." शेरेबुकात त्यांनी अभिमन सरांविषयी एक ओळ लिहिली आणि नानांविषयी तीन.

त्या तीन ओळींनी घोटाळा वाढवला. सव्वीस जानेवारीला संस्थेने नानांना झेंड्यासमोर बोलावून मनगटी घड्याळ बक्षीस दिलं. टाळ्या वाजवताना कोकिळा रुमालात तोंड खुपसून हसत होती. पुढे कंपासपेटीचं काम आम्ही नववीच्या कामिनीकडे सोपवलं. तिने ते कुणाकडे सोपवलं, ते मला माहीत नाही. नाना पूर्ण नोकरी करून निवृत्त झाले, एवढं खरं.

मागच्या महिन्यात मी धुळ्याहून माहेरी गेले होते, तेव्हा त्यांच्याकडे डोकावले. पंच्याऐंशीच्या पुढे गेलेत. घड्याळ हातात. रोज सकाळी चावी देतात म्हणे.

"चावी देतात," त्यांच्या बायकोने, बेबाबाईने, चहा ठेवता ठेवता आतून टोला हाणला, "अन् गोळीची वेळ झाली का, हे इचारतात मले!"

"अन् लोकांनी वेळ विचारली तर?" मी नानांना विचारलं.

नानांनी ऐटीत मनगट माझ्यापुढे केलं. "हे असं. तूच पाह्य म्हनतो. चाळीस वर्सांत कोनाले शंका नही आली."

मी वाकून बघितलं. चष्मा माहेरीच राहिला होता. काटे कुठे, आकडे कुठे, काही दिसेना. मी डोळे बारीक केले, मनगट जवळ आणलं, लांब नेलं.

"काबर वं," नाना हसायला लागले, "तुले बी येत नही का?"

मग त्यांनी उंबऱ्याकडे बघितलं. उन्हाची कड पायरीपर्यंत आली होती, आणि पायरीच्या कडेला मुठीएवढा दगड ठेवलेला होता.

"साडेचार व्हायाचे हायेत," ते म्हणाले. "चहा पी आरामात. रावेरची गाडी अजून गेली नही."

मी अर्धा कप संपवला, तेव्हा बाहेरून एसटीचा हॉर्न वाजला.