न दुखलेली कंबर

धाकट्या बहिणीला रक्ताचा कॅन्सर झाला आणि मी तिला बोन मॅरो दिला. हे वाक्य आमच्या नात्यागोत्यात इतक्या वेळा बोललं गेलं की ऐकता ऐकता मलाच वाटायला लागलं, आपण काहीतरी मोठं सोसलंय. खरं सांगायचं तर चार-पाच दिवस मॅरोतल्या पेशी रक्तात उतरवायची इंजेक्शनं घेतली, थोडं अंग ठणकलं. मग एके दिवशी हॉस्पिटलात खाटेवर पडून राहिलो. एका हातातून रक्त मशीनमध्ये जात होतं, त्यातल्या हव्या त्या पेशी काढून घेऊन उरलेलं दुसऱ्या हातात परत येत होतं. मी घोरायला लागलो तेव्हा नर्सने उठवलं. संध्याकाळी बायकोबरोबर रिक्षाने घरी. डॉक्टर म्हणाले होते, दोन-तीन दिवसांनी कामाला जा.

पण आमच्या महाप्याच्या कंपनीने नुकताच नियम केला होता, अवयव किंवा बोन मॅरो देणाऱ्याला महिनाभर भरपगारी रजा. पहिला लाभार्थी मी. एचआरच्या मॅडमनी माझ्या कौतुकाचा मेल अख्ख्या ऑफिसला पाठवला. एवढ्या कौतुकानंतर लगेच डबा घेऊन हजर होणं मला बरं दिसेना. मी घरी राहिलो.

आता धडधाकट माणूस घरी बसलेला दिसला तर लोक विचारणारच. बोनकोड्यातल्या आमच्या सोसायटीत सगळ्यांची समजूत अशी की मॅरो पाठीच्या कण्यात हातभर सुई खुपसून काढतात. पहिल्या मजल्यावरच्या काकू डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन आल्या आणि कमरेत फार दुखतंय का, म्हणून विचारू लागल्या. मी कमरेवर हात ठेवला. नाही म्हटलं नाही, एवढंच. त्यांच्यामागे दार लावून बायको म्हणाली, "गेल्या त्या. आता सरळ व्हा."

पुढे हात आपोआपच कमरेवर जायला लागला. जिना उतरताना मधे थांबून मी दमही खायचो. डिंकाचे संपले की कोणीतरी मेथीचे आणायचं. तिकडे बहीण हॉस्पिटलच्या बंद खोलीत, केस गेलेले, पाण्याचा घोटही कष्टाने गिळत होती, आणि इकडे माझं वजन वाढत होतं.

मग तिच्या नवऱ्याचा फोन आला. माझ्या पेशी तिच्या अंगात नीट रुजत नव्हत्या. भावाकडून पुन्हा एकदा मिळाल्या तर बघू, असं डॉक्टर म्हणत होते. एवढं सांगून तो चाचरला.

"दादा, ती नको म्हणतेय. म्हणते, माझ्यापायी दादाची कंबर कायमची गेली. तुम्हाला विचारायचंच नाही, अशी शपथ घातलीय मला."

तिला हे कोणी सांगितलं, ते विचारायला मला तोंड नव्हतं. आत्या मला बघून गेली होती, आणि आत्या फोनवर तासतास बोलते. पण आत्याने पाहिलं तेच सांगितलं असणार.

मी बहिणीला फोन लावला. आवाज कापसातून आल्यासारखा. मी काही बोलायच्या आधीच तिने विचारलं, "दादा, उठता-बसता येतं ना रे?"

मग सांगितलं सगळं. कण्यात सुई नव्हती, कंबर दुखली नव्हती, लाडू मात्र खाल्ले. तेही जरा गमतीत सांगायला गेलो. घरातले अवघड प्रसंग मी गमतीवरच निभावत आलोय. ती हसली नाही.

"मग इतके दिवस ऑफिसला का नाही गेलास?"

"रजा मंजूर होती," मी म्हणालो, आणि माझं बोलणं मलाच ऐकू आलं.

ती चिडली असती तर बरं झालं असतं. लहानपणापासून ती माझ्यावर चिडतच आलीय, त्याची मला सवय आहे. पण ती पाणी मागावं तशी हळूच म्हणाली, "म्हणजे पुन्हा देशील?"

मी मान हलवली. फोनवर मान हलवलेली दिसत नाही, त्यामुळे तिला ते दुसऱ्यांदा विचारावं लागलं.