लोव्रेंत्सचे मासे

माझी वहिनी टिल्का खालच्या मोठ्या सरोवराकाठची. लग्न होऊन आमच्या डोंगरातल्या कुरणावर आली आणि तिथलं तळं बघून नाक मुरडून म्हणाली, "कसलं हे तळं! एक मासा नाही."

माझ्या भावाला, लोव्रेंत्सला, ते भलतंच झोंबलं. दुसऱ्याच दिवशी दुधाची किटली पाठीला बांधून तो तिच्या माहेरी उतरला आणि माशांची पिल्लं घेऊन वर आला. वाटेत दिसेल त्या झऱ्यावर थांबून किटलीतलं पाणी बदलत होता म्हणे, येडा! "घे. आता बोल काय बोलायचंय ते," असं म्हणून त्यानं किटली तळ्यात ओतली. टिल्का इतकी हसली की गवतातच बसली.

मासे वाढले. शुक्रवारी आम्हाला मटण चालत नाही, त्या दिवशी ताटात यायला लागले. मग पाणी हिरवं झालं, तळ दिसेनासा झाला. माशांनी शेवाळावर जगणारे बारीक जीव खाऊन टाकले म्हणून शेवाळ माजलं, असं आमच्या डोंगरावरच्या अभयारण्याची माणसं सांगायची. असेल बाई खरं. पण लोव्रेंत्ससमोर मासे उपसायला जाळी लावायचं नाव काढायची कुणाची छाती नव्हती.

अशीच वर्षं गेली, आम्ही म्हातारे झालो, आणि एका हिवाळ्यात तो गेला. टिल्का रडली नाही. आलेल्यांना सूप वाढलं, भांडी घासली. बर्फ वितळल्यावर दरवर्षीसारखी गावातून गाई घेऊन वर कुरणावर आली आणि चीज करायला लागली. काही विचारलं तर तेवढ्यापुरतं बोलायची.

त्याच उन्हाळ्यात अभयारण्याचे जाळीवाले आले, सगळे मासे काढायला. मी काठीच उचलली. "टिल्का, अगं माझ्या भावानं पाठीवरून आणलेत ते मासे! तोंड उघड की!"

"दमून आलेत ते," ती म्हणाली. "पीठ घाटायला घे."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. भांडं असं आपटलं की कुत्रं पळून गेलं.

त्यांच्यातली नेझा नावाची पोर बिचारी दारात घुटमळत होती. "आजी, तुमच्या मनाविरुद्ध तर होत नाही ना हे?"

"मनात काही येतच नाही गं," टिल्का म्हणाली. "काढा तुम्ही."

संध्याकाळी नेझानं दोन मासे आणून दिले. टिल्कानं ते साफ केले, भाजले. मी माझं ताट बाजूला सारलं. ती मात्र सगळा मासा खाऊन म्हणाली, "मीठ कमी पडलं."

पुढचे दोन उन्हाळे जाळी लागत राहिली. यंदा नेझा आनंदानं ओरडतच आली, तळ दिसतोय म्हणून. आम्ही दोघी बघायला गेलो. खरंच, एकेक दगड मोजून घ्यावा इतकं नितळ पाणी.

टिल्का कितीतरी वेळ वाकून बघत राहिली.

"कसलं हे तळं," ती म्हणाली. "एक मासा नाही."

आणि वळून खालून येणाऱ्या वाटेकडे बघत उभी राहिली. मला भडभडून आलं. गाईंची धारेची वेळ टळून गेली, तरी तिला घरी चल म्हणायला माझं तोंड उघडेना.