जुन्या मोटारीची हमी आणि मोडलेला ॲक्सल

गेल्या महिन्यात खोडाळ्याच्या बाजाराहून येताना माझी मोटार भर चढावर बसली. मागून कडाडकन आवाज झाला, आणि मग इंजिन नुसतंच ओरडतंय, गाडी जागची हलेना… मी ब्रेक दाबून धरला, लोकांनी उतरून चाकांखाली धोंडे लावले.

मास्तरकी सोडून, बाजाराची माणसं ने-आण करायला ही जुनी मोटार मी नाशिकहून आणली, त्याला जेमतेम दोन महिने झाले होते. तेव्हाच अर्धं जव्हार हसलं होतं. आता उरलेलं अर्धं हसणार होतं.

पण त्या क्षणी लोकांची पर्वा नव्हती. गाडीत सूर्यमाळकडच्या पाड्यावरची लक्ष्मी होती, तापाने फणफणलेल्या पोरीला घेऊन जव्हारच्या दवाखान्यात निघालेली. तीच म्हणाली, "राहू दे मास्तर, आमाला चालायची सवय हाय." आणि पोरीला पाठीशी बांधून राहिलेले दोन कोस चालत गेली.

पोरीला औषध लागू पडलं, आठवड्यात ती हिंडूफिरू लागली. मला मात्र ती चढावरची पाठमोरी लक्ष्मी काही केल्या विसरता येईना…

बैल जोडून मोटार घरी आणली. लोहाराने मागची बाजू उघडली तर आतला ॲक्सल, म्हणजे चाकं फिरवणारा लोखंडी दांडा, मोडून दोन तुकडे झालेले.

मोटार विकणाऱ्या केशवरावांनी मला स्वतःच्या हाताने हमी लिहून दिली होती. 'तीन महिन्यांत जुना दोष निघाला तर भरून देईन. पाचांहून जास्त माणसं बसवून मोडतोड झाली तर माझी जबाबदारी नाही.' तीन महिने अजून भरले नव्हते. पण त्या दिवशी गाडीत सात माणसं होती. लक्ष्मीला नाही म्हणवलं नाही, आणि तिच्या मागोमाग आणखी एक जण चढला.

बायको म्हणाली, "पाचच होती म्हणून सांगा. तिथं कोण बघायला आलंय?" मलाही ते पटलं. तुमच्याशी खोटं कशाला बोलू? पाचच सांगायची असं ठरवूनच निघालो.

दोन्ही तुकडे गोणपाटात गुंडाळले. त्र्यंबकपर्यंत बैलगाडी, पुढे नाशिकपर्यंत टांगा… वाटभर मनात एकच वाक्य घोकत होतो. पाच माणसं होती, साहेब. पाच.

केशवराव म्हणजे पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. स्वतःच मोटारी खोलतो, हात कायम ग्रीसने काळे. मला बघून त्यांनी पाणी दिलं आणि सरळ विचारलं, "किती जण होते गाडीत?"

"सात," मी म्हणालो.

कसं तोंडून गेलं, मला आजही सांगता येत नाही. मग सगळंच सांगितलं. लक्ष्मी, पोर, तो मागून चढलेला माणूस… आणि म्हणालो, "चूक माझी आहे. हमी मागायला तोंड नाही. फक्त नवा ॲक्सल कुठे मिळेल तेवढं सांगा."

त्यांनी गोणपाट सोडलं, एक तुकडा उचलला, मोडलेलं टोक रॉकेलच्या फडक्याने पुसलं आणि खिडकीपाशी नेलं. बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, आता रागावणार.

"मास्तर, इकडे या. काय दिसतंय?"

मी बघितलं. मोडलेल्या जागी अर्धा भाग चांदीसारखा चमकत होता. अर्धा मात्र काळपट, गंजल्यासारखा.

"चमकतोय तेवढा भाग तुमच्या चढावर मोडला," ते म्हणाले. "काळा आहे तो कधीचाच तडकलेला होता. मी विकली तेव्हाही. मी गाडी नीट तपासली म्हणालो होतो… हे तपासलं नव्हतं."

"पण सात माणसं…"

"सात बसवलीत ते चुकलंच. पण हा पाचांनीही मोडला असता. आज नाही तर आठ दिवसांनी."

मी हे तुकडे इतक्या लांब वाहून आणले, पण मला काही कळलं नव्हतं. ते गप्प बसले असते तर मी उलट त्यांची माफी मागून घरी परतलो असतो…

मुंबईहून नवा माल यायला महिना लागला असता. त्यांच्या अंगणात तसलीच एक मोटार उभी होती, तिचा ॲक्सल त्यांनी काढला आणि माझ्याबरोबर जव्हारला आले. दोन दिवस मोटारीखाली पडून होते. बायकोने नागलीची भाकरी आणि उडदाचं पिठलं वाढलं, तर मिटक्या मारत जेवले.

निघताना हमीचा कागद मागून घेतला. जुनी तारीख खोडली, त्या दिवशीची घातली, आणि म्हणाले, "आजपासून पुन्हा तीन महिने."

आता बाजाराच्या दिवशी लोक मोटारीची वाट बघत उभे असतात. परवा खोडाळ्यात एका म्हातारबाबांनी विचारलं, "मास्तर, गाडी नवी घेतली का?"

म्हटलं, "नाही बाबा, जुनीच आहे. विकणारा माणूस चांगला मिळाला."