मागची सीट दिवाणखान्यात

दूध आणि मोटार या दोन वस्तूंत मुळात काही फरक नाही, असं ठामपणे मानणारा माणूस या पृथ्वीतलावर एकच असावा, आणि तो माझ्या सख्ख्या बहिणीला नवरा म्हणून मिळाला. दोन्ही तापतात, दोन्ही उतू जातात आणि दोन्हींकडे पाठ फिरवली की घात होतो, एवढंच आमच्या भाऊजींचं तत्त्वज्ञान. उभी नोकरी त्यांनी एका दूधसंघात दूध थंड करणाऱ्या यंत्रांची देखभाल करण्यात घालवली. पुढे संघात संगणक आले, स्वेच्छानिवृत्तीचे अर्ज निघाले, भाऊजींनी पहिल्याच दिवशी अर्ज भरून टाकला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ताईच्या जुन्या छोट्या गाडीचं बॉनेट उघडून आत डोकं घातलं. ते डोकं अजून पुरतं बाहेर आलेलं नाही.

गाडी ताईची, हे आधी स्पष्ट केलं पाहिजे, कारण भाऊजी ते दर रविवारी स्पष्ट करत. नव्वदीनंतर मोटारीसाठी कर्ज मिळणं जरा सोपं झालं, तेव्हा सदाशिव पेठेतल्या एका शाळेत गणित शिकवणाऱ्या ताईनं स्वतःच्या पगारावर ती घेतली. स्कूटरवर चौघं बसणाऱ्या आमच्यासारख्यांना ज्या गाडीनं पहिल्यांदा छपराखाली आणलं, तीच ही, पांढरी. ताई ती झोकात चालवायची. मग एक दिवस चालवायची थांबली आणि किल्ली देव्हाऱ्याशेजारच्या खुंटीवर गेली. का थांबली ते सांगतो. पण मी कमी बोलणारा आणि फार अपराधी वाटून घेणारा माणूस आहे, मला थोडा वेळ लागेल.

चाकणच्या पलीकडे कुणा कारखानदारानं गाड्या तपासण्यासाठी बांधलेला आणि मग तसाच पडून राहिलेला एक वळणावळणाचा डांबरी फेरा होता. आयटीत नव्यानं पैसा हाताशी आलेली पोरं रविवारी सकाळी तो भाड्यानं घेत आणि आपापल्या गाड्या जीव खाऊन पळवत. मी अशाच पोरांच्या कंपनीत असल्यामुळे ही बातमी घरात मीच आणली. म्हणजे त्याही पापाचा धनी मीच. भाऊजींनी बातमी ऐकली, चहा संपवला आणि रद्दीवाला वापरतो तसला लटकता वजनकाटा विकत आणला. ट्रॅकवर न्यायची गाडी तयार करताना बाकीचे लोक काहीतरी वाढवतात. भाऊजी पडले पुण्याचे. त्यांनी कमी करायला घेतलं. जॅक, जादा चाक, पायाखालची जाजमं, दारांच्या आतले पुठ्ठे, सगळं काट्याला लागून माळ्यावर गेलं. हॉर्न गेला. "तसाही मी वाजवत नाही," ते म्हणाले, "पुढच्याला ठाऊक असतं आपण मागे आहोत." डॅशबोर्डवरचा पितळी गणपतीसुद्धा काट्याला लागला, पण देवाला उतरवणं बरं दिसेना, म्हणून त्याच्या वजनाइतकं श्रीखंड त्यांनी त्या पाडव्याला सोडलं. मागची सीट मात्र माळ्यावर मावेना. ती दिवाणखान्यात आली, तिच्यावर ताईचं क्रोशाचं कव्हर चढलं, आणि तेव्हापासून त्या घरी येणारा प्रत्येक पाहुणा जमिनीपासून वीतभर उंचीवर, गुडघे छातीशी घेऊन पोहे खातो. "लोक दिवाणखान्यातल्या उशा गाडीत नेतात," ताई म्हणायची, "आमच्याकडे उलटी गंगा."

सगळ्यांत मोठा विनोद ड्रायव्हरच्या सीटचा होता. ती मागेपुढे सरकवायच्या पट्ट्यांचंही वजन असतं, या मुद्द्यावर भाऊजींनी पट्ट्या काढल्या आणि सीट थेट तळाला बोल्टनं आवळली. ती आवळली इतकी पुढे, की सहा फुटी भाऊजींचे गुडघे स्टिअरिंगच्या दोन्ही बाजूंनी वर येत. लांबून पाहिलं तर एखादा नाकतोडा मोटार चालवतोय असं वाटे. मी एकदा भीत भीत विचारलं, "भाऊजी, माप चुकलं का?" तर म्हणाले, "आवळली ती आवळली." वर डोक्यावर हेल्मेट. हा माणूस पुण्याच्या रस्त्यावर स्कूटरवर कधी हेल्मेट घालून गेला नाही. तो हक्काचा प्रश्न होता. पण मोटारीत हेल्मेट घालून निघे, तेही पेठेतूनच. कोपऱ्यावरचे किराणावाले हात जोडून विचारत, "काका, आज चंद्र का?" भाऊजी काच खाली करून सांगत, "नाही, आज चाकण. चंद्रावर पार्किंग नाही."

ट्रॅकवर त्यांचा थाट एखाद्या मोठ्या डॉक्टरच्या राउंडसारखा असे. दर काही फेऱ्यांनी गाडी आत आणायची, आणण्याआधी एक फेरी संथ मारायची, कारण "धावून आलेल्याला दारातच बसवू नये." मग चारी चाकांना, ताप आलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा, हाताचा पालथा पंजा लावून बघायचं. आतल्या कडेला जास्त गरम, बाहेरच्या कडेला कमी, असं काहीसं पुटपुटत हवा थोडी सोडायची. जुना बाजार पालथा घालून त्यांनी एका मोठ्या गाडीचा रुंद रेडिएटर आणून बसवला होता. त्यांचा खरा सोवळेपणा मात्र ब्रेक ऑइलचा. ट्रॅकवर ब्रेक पुनःपुन्हा तापतात, ऑइलला उकळी फुटली की पेडल पायाखाली लोण्यासारखं खाली जातं आणि गाडी थांबत नाही. ऑइल जुनं झालं की हवेतलं पाणी पितं आणि लवकर उकळतं. "जुनं ब्रेक ऑइल म्हणजे पाणी घातलेलं दूध," भाऊजी म्हणत, आणि हे म्हणताना त्यांचा चेहरा असा होई, की दूधसंघात पाणी घालणाऱ्यांचं काय होत असेल याची कल्पना यावी. प्रत्येक खेपेला ऑइल नवं. आणि मुळात ब्रेक लावणं हीच त्यांच्या मते उधळपट्टी. पेट्रोल जाळून वेग कमवायचा आणि मोरीत ओतून द्यायचा. त्यामुळे वळणांत ते वेग सोडायला राजी नसत आणि पोरांच्या मोठाल्या गाड्यांच्या शेपटाला ही चिमुरडी गाडी लोंबत राही. एकानं आपली नवी लालभडक गाडी दाखवली, तेव्हा भाऊजींनी तिच्याभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाले, "छान आहे. कुणाला तरी चालवताही येत असेल."

दर रविवारी निघताना मात्र एक विधी होता. हेल्मेट काखेत घेऊन भाऊजी खुंटीसमोर उभे राहत. "बाई, गाडी नेऊ का? आपली आहे."

"न्या."

"येता का?"

"पेपर तपासायचेत."

कुठल्याही महिन्यात, सुट्टीतसुद्धा, ताईला तपासायला पेपर असत. ती दिवाणखान्यातल्या मागच्या सीटवर बसून तपासायची. मी खाली मान घालून भाऊजींच्या मागोमाग जिना उतरे, कारण तिला पेपर का लागतात हे मला ठाऊक होतं.

आता सांगतो. मी माझा पहिला संगणक घेतला, तेव्हा मॉनिटर लहान मुलाच्या पाळण्याएवढा असे. तो आणायला ताई गाडी घेऊन आली. मॉनिटरचं खोकं पुढच्या सीटवर, मी मागच्या. शनिवार पेठेतल्या एका चौकात उजवीकडून रिक्षा घुसली. ताईनं ती पाहिली होती, गाडी व्यवस्थित वळवत होती. मला फक्त खोकं कलंडताना दिसलं. मी मागून तिचा खांदा धरला आणि ओरडलो, "ताई, मॉनिटर!" ती दचकली, करकचून ब्रेक लागला, गाडी बंद पडली, मागचा स्कूटरवाला बंपरला येऊन टेकला. कुणाला खरचटलंदेखील नाही. पण चारी बाजूंनी हॉर्न सुरू झाले, माणसं जमली, आणि त्यातले एक गृहस्थ खिडकीशी वाकून अत्यंत सभ्यपणे म्हणाले, "बाई, आपल्याला पोळ्या उत्तम येत असतील. मग हा हट्ट कशाला?" लोक हसले. चूक माझी आहे, एवढं एक वाक्य तेव्हा बोलायचं होतं. मी खोकं सरळ केलं. ताईनं घरी येऊन सांगितलं, "चौकात गाडी बंद पडली," आणि किल्ली खुंटीला लावली. त्या संगणकावर मी पुढे बरंच काही शिकलो, नोकरी लागली, फ्लॅट झाला. ते वाक्य मात्र राहिलं ते राहिलंच.

मग ताई निवृत्त झाली. त्यानंतरच्या रविवारी भाऊजी नेहमीसारखे खुंटीसमोर उभे राहिले आणि विचारलं, "येता का?" ताईनं सवयीनं टेबलाकडे पाहिलं. टेबल रिकामं होतं. निवृत्त मास्तरणीला पेपर कोण देणार? शेवटी ती म्हणाली, "नुसती बघायला येईन."

"बघायला तिकीट नाही," भाऊजी म्हणाले, पण किल्ली काढताना त्यांच्या हातून ती दोनदा निसटली.

गाडीत दोनच सीटा, म्हणून मी माझी गाडी घेऊन मागोमाग गेलो. ताई कडेला उभी राहून भाऊजींच्या दोन फेऱ्या बघत होती. ते आले तसं तिनं विचारलं, "इथे समोरून कुणीच येत नाही?"

"तशी पद्धत नाही इथे."

"आणि रिक्षा वगैरे?"

"आलीच तर दारावर अडवतात."

"हं," ताई म्हणाली. "तुम्ही वळण चुकीचं घेता."

भाऊजींनी हेल्मेट काढलं. आयुष्यात त्यांना असं कुणी म्हटलं नव्हतं.

"आतल्या कडेला फार लवकर जाता. मग बाहेर पडताना रस्ता पुरत नाही आणि वेग सोडावा लागतो. जरा उशिरा वळा, त्रिज्या मोठी मिळेल. आठवीच्या पोरांना कळतं हे."

"मग दाखवा," म्हणत भाऊजींनी पानाचा डबा पुढे करावा इतक्या सहज किल्ली पुढे केली.

ताई किल्लीकडे बघत राहिली. मग तिनं पदर खोचला, हेल्मेट चढवलं आणि आत बसली. ताई पाच फुटांच्या आतबाहेर. पाय पेडलांवर गेले ते बरोब्बर गेले. गुडघे जिथे असायला हवेत तिथे. काही सरकवावं लागलं नाही, उशी लागली नाही. इतकी वर्षं ज्या सीटवर आम्ही सगळे हसलो, ती सीट मापानंच आवळलेली होती. माप फक्त भाऊजींचं नव्हतं.

"सीट बरोबर आहे," ताई समोर बघत म्हणाली.

"असेल," भाऊजी डावीकडे बसत म्हणाले. "आवळून ठेवली होती."

ट्रॅकच्या तोंडाशीच गाडी बंद पडली. मागे चार मोठ्या गाड्या खोळंबल्या. मी डोळे मिटून हॉर्नची वाट बघत होतो. एकही वाजला नाही. मागच्या लाल गाडीतला पोरगा काच खाली करून एवढंच म्हणाला, "काकू, आरामात. घाई नाही." ताईनं पुन्हा किल्ली फिरवली आणि गाडी गेली. पहिली फेरी तिनं देवदर्शनाच्या चालीनं मारली, दुसरी जरा बरी, आणि पुढे पुढे तो पांढरा ठिपका वळणांतून असा निघू लागला, की पोरं बोलायची थांबून बघायला लागली. मग गाडी आत आली आणि भाऊजी उतरले.

"काय झालं?" मी विचारलं.

"बाईंनी उतरवलं," ते म्हणाले. "म्हणे, वजन."

असं समाधान मी कुणा माणसाच्या चेहऱ्यावर कधी पाहिलं नाही. ताई एकटी निघाली. आम्ही दोघं कठड्याशी उभे होतो, आणि मला वाटलं, आता नाही तर कधीच नाही. मी सगळं सांगितलं: खोकं, खांदा, ते गृहस्थ, माझं गप्प बसणं. भाऊजी गाडीवरची नजर न काढता ऐकत होते.

"शालकमहाराज," ते म्हणाले, "मागची सीट मी काय दिवाणखान्याच्या शोभेसाठी काढली?"

"ताईनं सांगितलं?"

"ती कशाला सांगेल? गाडी नुसती बंद पडली म्हणून किल्ली टांगणारी बाई नाही ती. आणि तू. त्या दिवसापासून माझ्याबरोबर गाडीत बसलास की तोंडाला कुलूप. त्याच्याआधी काय बडबडायचास." मग कठड्यापलीकडे बोट दाखवत म्हणाले, "आता गप्प राहा. बघ तिकडे."

लांबच्या वळणावर लाल गाडी पुढे होती. तिचे ब्रेक तापून गेले असावेत. ती वळणात शिरली आणि फेकल्यासारखी बाहेरच्या कडेला गेली. ताई उशिरा वळली, आतल्या कडेला अलगद टेकली आणि मोकळ्या रस्त्यावरून पुढे निघून गेली. भाऊजींनी माझा खांदा धरला, तो दुखेपर्यंत.

नंतर तो पोरगा हेल्मेट काढत धावत आला. "काकू, काय चालवता! मानलं."

"तुमचं पेडल खाली जातंय ना?" ताई म्हणाली. "ऑइल बदला. पाणी घातलेलं दूध आहे ते."

भाऊजींनी घाईघाईनं बॉनेट उघडलं, आत डोकं घातलं आणि बराच वेळ काढलं नाही.

परत येताना गाडी ताईनंच चालवली, थेट पेठेपर्यंत, आणि वाट वाकडी करून त्याच चौकातून. मी मागे होतो. मधे सीट नसल्यामुळे मागच्या काचेतून दोन डोकी स्वच्छ दिसत होती, उजवीकडचं जेमतेम. एक रिक्षा आडवी आली, सगळीकडून हॉर्न वाजले. ताईनं रिक्षा जाऊ दिली आणि स्वतःला हवी तेव्हा वळली.

आता चाकणच्या त्या फेऱ्यावर इमारती उभ्या आहेत. भाऊजींचे गुडघे गेलेत. "नाकतोड्याचं वय झालं," म्हणतात. पण रविवारी सकाळी ती दोघं निघतातच, कात्रजचा घाट चढून पलीकडे चहा पिऊन येतात, ताई उजवीकडे आणि भाऊजी डावीकडे. ऑइल अजून नवं असतं. मला जागा नाही, नसावीच. मी आपला घर सांभाळायला जातो. "दूध ठेवलंय रे, बघ," असं म्हणून ताई खुंटीवरची किल्ली काढते. दिवाणखान्यातल्या मागच्या सीटवर बसलं की स्वयंपाकघरातली शेगडी नीट दिसते. खाली गाडी सुरू झाल्याचा आवाज येतो. गॅलरीत धावत जाऊन त्या दोघांना ऐकू जाईल असं काहीतरी मोठ्यानं ओरडावं, असं मला दर वेळी वाटतं. पण दुधावर साय धरू लागलेली असते. मी गुडघे छातीशी घेऊन तसाच बसून राहतो.