एकाच नळीने

नागपूरच्या विमानतळावर आईने पोळ्यांचा डबा हातात दिला आणि हळूच म्हणाली, "कुणाकडे पाणी मागू नको. दिलं तर पी." बाबा चिडले. अमेरिकेत कोण बघतंय, म्हणाले.  लहानपणी गावात आईच्या जातीमुळे तिच्या ओंजळीत वरून पाणी ओतायचे, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

इथे अमेरिकेत, फ्रिस्को शहरात, खरंच कुणी बघत नव्हतं. मी कोडिंग करते, फ्रीवेवर ड्राइव्ह करते आणि शनिवारी सकाळी अपार्टमेंटच्या बागेत येर्बा माते पिते. हे आमच्या शेजारच्या, मूळ अर्जेंटिनाच्या मार्ताबाईंचं पेय. वाळक्या भोपळ्याच्या भांड्यात सुकवलेली पानं, वर गरम पाणी, आत धातूची नळी. चव काडेचिराइताची. भांडं एकच, नळी एकच. एकीचं झालं की मार्ताबाई पाणी भरून दुसरीला देतात. नळी पुसली तर त्यांना अपमान वाटतो. पहिल्यांदा मला रडूच आलं. फार कडू आहे, असं सांगून मी वेळ मारून नेली.

माझ्यानंतर पाळी पुण्याच्या काकूंची. वरच्या मजल्यावर मुलाकडे राहतात, माझ्या लेकीचे फार लाड करतात. गेल्या शनिवारी त्यांनी सहज माझं आडनाव विचारलं. इतके दिवस मी नुसत्या नावावर भागवलं होतं. या वेळी सांगितलं. घर दीक्षाभूमीजवळ, हेही सांगून टाकलं. तेवढ्यात भांडं माझ्याकडे आलं. मी प्यायले. मार्ताबाईंनी ते भरून काकूंना दिलं.

काकू प्यायल्या. नेहमीसारख्याच, गप्पा मारत. मला हायसं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

घरी आल्यावर आईला व्हिडिओ कॉल केला, सगळं सांगितलं.  ती म्हणाली, "पुढच्या शनिवारी पितात का, बघ."

लेक शेजारीच होती. तिने मला विचारलं, "व्हाय वुडन्ट शी?"

मला उत्तर माहीत होतं. इतकी भीती वाटली, की मी तिला हात धुवायला पाठवून दिलं.

करमतं का तिकडे, घरासारखं वाटतं का, असं तुम्ही सगळे नागपूरहून फोनवर विचारता. माझं सोडा. माझ्या लेकीचं घर मात्र इथेच आहे, तिला ते उत्तर कळेपर्यंत.